जिनिंगमधले एसएमपीएस आणि हवेची वाट : प्रकल्प नोंदी

१२ मार्च

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, आज माझ्या दुरुस्तीच्या दुकानात दोन एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारे डबे, आले. एक वजनकाट्याच्या केबिनमधला, दुसरा हिशेबाच्या खोलीतला. काट्यावरचा सकाळी नीट चालतो, दुपारी दोन वाजले की आपोआप बंद पडतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने काहीच झालं नाही असा सुरू होतो. हिशेबाच्या खोलीतला बंद पडत नाही, पण मशीन मधूनच रीस्टार्ट होतं. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना काट्याचा संगणक बंद पडला की शेतकरी उन्हात ताटकळतात. दिवाणजींनी डबे टेबलावर ठेवता ठेवता विचारलं, "पंखा तं फिरून राहिला ना भाऊ, मंग हा काहून बंद पडते?"

प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून या कामाची नोंद ठेवायचं ठरवलं. नवा डबा बसवून देणं काही मिनिटांचं काम. पण तिथे गेल्या उन्हाळ्यातही नवे डबे बसले होते. उष्णता कुठे तयार होते, कोणत्या वाटेने बाहेर पडते आणि ती वाट कुठे अडते, हे कळल्याशिवाय तिसरा डबाही पुढच्या एप्रिलमध्ये इथेच येणार. माझ्याकडे आयटीआयची एक विद्यार्थिनी शिकायला येते, मोजमापं तीच लिहून घेणार आहे.

१३ मार्च

उघडण्याआधी काळजी. भारतात मेन्स, म्हणजे भिंतीच्या सॉकेटची वीज, २३० व्होल्ट. रेक्टिफाय झाल्यावर मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या डब्यात ३८० ते ४०० च्या आसपास. प्लग काढल्यावरही हा साठा काही काळ टिकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची पद्धत मी माझ्या टेबलावर चालू देत नाही. जास्त वॅटच्या रेझिस्टरमधून हळूहळू रिकामा करायचा आणि मल्टिमीटरने शून्य दिसलं की मगच बोट आत घालायचं. आणखी एक गोष्ट, जी अनेक जुन्या कारागिरांनाही सांगावी लागते: प्रायमरी, म्हणजे मेन्सला जोडलेल्या बाजूचं हीटसिंक (उष्णता पसरवणारी धातूची पाती) काही डब्यांत मेन्सच्याच व्होल्टेजवर असतं. डबा चालू असताना ते किती तापलंय हे हात लावून बघायचं नाही.

काट्याचा डबा उघडला तर आत रुईची गोधडी. तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये इतके घट्ट बसलेले की ब्रशने निघेनात, चिमट्याने सोलून काढावे लागले. पंखा १२० मिलिमीटरचा, हाताने फिरवला तर छान मोकळा फिरतो. दिवाणजींचं म्हणणं खरंच होतं.

हिशेबाच्या खोलीतल्या डब्यात रुई कमी, धूळ जास्त. पंखा मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचा. सेकंडरी, म्हणजे संगणकाला कमी व्होल्ट देणाऱ्या बाजूचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले.

साफ करण्याआधी दोन्हींची मोजणी करायची आहे, म्हणून रुई तूर्त तशीच परत ठेवली.

१५ मार्च

आज फक्त हिशेब. पण सगळा प्रकल्प त्यावरच उभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काट्याचं मशीनही दुकानात आणून त्याच डब्यावर चालवलं आणि भिंतीच्या सॉकेटला वॅटमीटर लावला. ११० वॅटच्या आसपास. हा डबा साधा, कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ८२ वॅट मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्डडिस्क यांना मिळतात आणि उरलेले २८ वॅट डब्यातच उष्णता होतात. डब्याचं माप १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटर. एवढ्या जागेत २८ वॅटचा हीटर कायम चालू आहे.

हवा किती लागेल? एक किलो हवा एक अंशाने तापायला साधारण १००५ ज्यूल लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या हवेचं वजन घनमीटरला सुमारे १.१२ किलो. २८ वॅट उष्णता घेऊन हवा दहाच अंशांनी तापावी असं वाटत असेल तर सेकंदाला अडीच लिटर हवा पुरे. १२० मिलिमीटरचा कुठलाही पंखा मोकळ्यावर याच्या कितीतरी पट हवा ढकलतो.

इथवर आल्यावर विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मग अडचण कुठेय? पंखा तर गरजेपेक्षा मोठाच आहे."

अडचण अशी की त्या पंख्याला २८ वॅटचंच काम नाही. काट्याच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या कोपऱ्यात आहे आणि कॅबिनेटला दुसरा एकही पंखा नाही. प्रोसेसरचा पंखा हवा आतल्या आत फिरवतो, बाहेर टाकत नाही. त्यामुळे त्या ८२ वॅटचीही उष्णता बाहेर जायला मुख्य वाट एकच, एसएमपीएसचा पंखा. थोडी पत्र्यातून झिरपते तेवढीच. म्हणजे डब्याला थंड ठेवणारी हवा डब्यात शिरतानाच गरम असते.

पंख्यातून सेकंदाला दहा लिटर हवा जात असेल तर ती ८२ वॅट घेऊन सात-एक अंशांनी तापून डब्याच्या तोंडाशी येते. खोलीत ४४ अंश असतील तर तोंडाशी ५१. आता रुईने वाट अडवून हवा चार लिटरवर आणली असं समजा. तेव्हा तोंडाशी ६२ अंश, आणि डब्याची स्वतःची उष्णता त्यात मिळून बाहेर पडताना ६८. इंटेलच्या एटीएक्स (डेस्कटॉप संगणकाच्या रचनेचं मानक) डिझाइन गाइडमध्ये पूर्ण लोडवर भोवतालची हवा जास्तीत जास्त ५० अंश धरलेली आहे. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच त्या मर्यादेच्या काठावर असते. चूक करायला आपल्याकडे जागाच नाही.

१६ मार्च

एसएमपीएसच्या पंख्यावर सगळं कॅबिनेट सोपवायची ही सवय कुठून आली, याचा थोडा इतिहास. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स मांडलं तेव्हा सुरुवातीच्या रचनेत एसएमपीएसच्या पंख्याने हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी अशी कल्पना होती. पण एसएमपीएसमधून तापून आलेली हवा प्रोसेसरवर सोडणं प्रोसेसर जास्त वीज खाऊ लागल्यावर परवडेना. पुढच्या आवृत्तीत दिशा उलटली, पंखा बाहेर फेकणारा झाला. त्यामुळे प्रोसेसर सुटला आणि गरम हवा डब्याच्या वाट्याला आली. आता बऱ्याच कॅबिनेटमध्ये डबा तळाशी असतो आणि खालच्या जाळीतून बाहेरची ताजी हवा घेतो. ही रचना मला सगळ्यात पटते. पण जिनिंगमध्ये जमिनीलगत रुई सगळ्यात जास्त असते, त्यामुळे तिथे तिचाही विचार जपून करावा लागेल.

१९ मार्च

उष्णता नेमकी कुठे जन्मते? डब्यात मेन्सपासून सुरुवात करून पुढे पुढे गेलो. ब्रिज रेक्टिफायरमधून करंट एका वेळी दोन डायोड ओलांडतो, प्रत्येकात साधारण एक व्होल्ट पडतो. मग स्विचिंग ट्रान्झिस्टर, जे सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि दर उघडझापीत थोडी ऊर्जा गमावतात. मग ट्रान्सफॉर्मर, तांब्यात आणि फेराइटमध्ये. शेवटी सेकंडरीचे शॉटकी डायोड: अर्ध्या व्होल्टचा ड्रॉप वाटतो लहान, पण त्यातून पाच-दहा अँपिअर गेले की तेवढ्यात अडीच ते पाच वॅट. म्हणून हीटसिंक दोन ठिकाणी, एक प्रायमरीला, एक सेकंडरीला.

ट्रान्झिस्टरमधल्या सिलिकॉनच्या कणापासून हवेपर्यंत उष्णतेला बरेच टप्पे ओलांडावे लागतात. सिलिकॉनपासून ट्रान्झिस्टरच्या धातूच्या पाठीपर्यंत, तिथून मायका किंवा सिलिकॉन रबराच्या इन्सुलेटर पॅडमधून ॲल्युमिनियमपर्यंत, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पसरून हवेत. दर टप्प्यावर थोडे अंश खर्च होतात. ॲल्युमिनियम उष्णता उत्तम वाहून नेतं, हवा त्याच्या हजारो पटींनी वाईट. म्हणून ट्रान्झिस्टरचा स्क्रू सैल होऊन पॅडखाली केसाएवढी फट पडली तरी त्या फटीत अडकलेल्या हवेने सगळं बिघडतं. बाहेर कितीही मोठा पंखा असला तरी उपयोग नाही, कारण उष्णता पात्यांपर्यंत पोचतच नाही. हिशेबाच्या डब्यात एक स्क्रू पाव फेरा सैल निघाला. पॅड बदलून घट्ट केला. घट्ट म्हणजे बेताने, जास्त आवळला तर ट्रान्झिस्टरचा पत्रा वाकतो आणि पुन्हा फट पडते.

विद्यार्थिनीने एक चांगली गोष्ट विचारली: गावाकडे व्होल्टेज पडतं तेव्हा डबा कमी तापत असेल ना? उलट. एसएमपीएस बाहेर तेवढेच वॅट देत राहतो, म्हणून व्होल्टेज कमी झालं की आत जास्त करंट ओढतो. २३० चे १७० झाले तर करंट साधारण ३५ टक्क्यांनी वाढतो, आणि वायर, फिल्टर कॉइल यांच्यातली उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त. दुपारी व्होल्टेज पडतं, दुपारीच ऊन असतं. ही दोन्ही एकाच वेळी येतात.

२२ मार्च

टेबलावरची चाचणी. लोड म्हणून १२ व्होल्टच्या लाइनवर गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, पाच व्होल्टवर रेझिस्टर. हिरवी वायर काळीला जोडून डबा सुरू केला. तापमान मोजणारं थर्मोकपल हीटसिंकला कॅप्टन (उष्णता सोसणाऱ्या) टेपने चिकटवलं, अर्थात डबा बंद आणि कपॅसिटर रिकामा असताना. दुकानात ३६ अंश.

काट्याचा डबा, रुईसकट: सेकंडरी हीटसिंक अर्ध्या तासात ९१ अंशांवर, आणि अजून चढतच होतं. मग प्रोटेक्शनने डबा बंद केला. ही तीच दुपारची घटना, दुकानात घडवून आणलेली. म्हणजे तो बंद पडणं हा बिघाड नव्हताच. अतितापाचं संरक्षण आपलं काम करत होतं.

रुई काढून, ब्लोअर मारून तीच चाचणी: हीटसिंक ६६ अंशांवर स्थिर.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळं सोडलं तर ते नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरतं, बेअरिंगला इजा होते. हवा नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने मारायची, नाहीतर रुई पात्यांमध्ये आणखी आत ठासते. कॉम्प्रेसर वापरणार असाल तर टाकीतलं पाणी आधी काढून टाका.

२४ मार्च

६६ सुद्धा मला जास्त वाटत होते. रुई नाही, पंखा मोठा, लोड बेताचा. मग उदबत्ती पेटवली.

उदबत्तीचा धूर हवेची वाट दाखवतो आणि त्यासाठी कुठलंही उपकरण विकत घ्यावं लागत नाही. डब्याच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धूर पंख्यातून आत गेला आणि मागच्या जाळीलगतच्या अर्ध्या भागातून लगेच बाहेर पडला. वायर निघतात त्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथे सेकंडरी डायोड आणि कपॅसिटर असतात, तिथे धूर पोचतच नव्हता. हवेला जवळची वाट मिळाली तर ती लांबच्या वाटेने जात नाही.

१२० मिलिमीटरच्या पंख्याखाली कारखान्यातून एक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी येते, पंख्याचा मागच्या जाळीकडचा भाग झाकणारी. या डब्यात तिच्या स्क्रूच्या खुणा आहेत, पट्टी नाही. आधी कुणीतरी दुरुस्तीला उघडल्यावर पॅकिंगचा कचरा समजून फेकून दिलेली दिसते. ती दिसायलाच कचऱ्यासारखी आहे आणि पंखा अडवतेय असं वाटतं, त्यामुळे फेकणाऱ्याचा राग येत नाही. पण ती पट्टी हवेला सक्ती करते, पलीकडच्या टोकाला खाली उतर आणि सगळे भाग ओलांडून मग मागून बाहेर जा.

ज्वाला न धरणारी पॉलिकार्बोनेटची शीट कापून तशी पट्टी बसवली. पुन्हा उदबत्ती, धूर आता कोपऱ्यातून फिरून जातो. पुन्हा अर्धा तास लोड: हीटसिंक ५८. पंखा तोच, वेग तोच, आठ अंश फक्त हवेची वाट बदलल्याने.

माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची नोंद हीच. आपण पंख्याकडे बघतो कारण तो हलतो आणि आवाज करतो. थंड करते ती हवा, आणि ती कुठून कुठे जाते हे कुणी बघत नाही.

२७ मार्च

हिशेबाच्या खोलीतला डबा. ८० मिलिमीटरचा पंखा मागे, हवा पुढच्या फटींतून आत येऊन सरळ रेषेत दोन्ही हीटसिंकवरून जाते. जुनी रचना, पण वाट सरळ असल्याने पट्टीबिट्टी लागत नाही. तोटा आवाजाचा. १२० च्या पंख्याचं क्षेत्रफळ ८० च्या सव्वादोन पट, त्यामुळे तेवढीच हवा तो बऱ्याच कमी फेऱ्यांत देतो. आणि फेऱ्यांचं गणित मोठं आहे: फेऱ्या निम्म्या केल्या तर हवा निम्मी, दाब चौथाई, पंख्याला लागणारी वीज आठवा हिस्सा, आणि आवाज सुमारे १५ डेसिबल कमी. पण दाब चौथाई होतो हे विसरू नये. जाळी रुईने भरली असेल तर हळू फिरणारा पंखा हवा रेटू शकत नाही, पाती फिरतात आणि हवा जागच्या जागी घुसळत राहते.

या डब्यात पंख्याचा वेग एक थर्मिस्टर ठरवतो. एनटीसी जातीचा, म्हणजे तापला की त्याचा रोध घटतो, २५ अंशांना १० किलोओहम असलेला ५० अंशांना चारच्या आसपास. रोध घटला की सर्किट पंख्याला जास्त व्होल्ट देतं. चाचणीत पंख्याच्या वायरवर मोजलं: थंड असताना ५ व्होल्ट. अर्ध्या तासाने हीटसिंक ८८ अंश, आणि पंख्यावर अजूनही साडेपाचच.

थर्मिस्टर शोधला. कारखान्यात तो सेकंडरी हीटसिंकला गोंदाने चिकटवलेला असतो. इथे गोंद वाळून सुटला होता आणि थर्मिस्टर मोकळ्या हवेत, नेमका पंख्याच्या थंड झोतात लोंबत होता. हीटसिंक भाजत असताना तो सर्किटला सांगत होता की सगळं थंड आहे. पंखा फिरत होता, पण आळसावून.

उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन ॲडहेसिव्हने थर्मिस्टर पुन्हा हीटसिंकला बसवला. रात्रभर वाळू दिला.

२८ मार्च

तीच चाचणी: पंख्यावर ९ व्होल्ट, हीटसिंक ६१. फुगलेले कपॅसिटर उद्या.

२९ मार्च

कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो सावकाश उडून जातो. कामचलाऊ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. कपॅसिटरवर १०५ अंश, २००० तास असं लिहिलेलं असेल आणि तो ६५ अंशांवर चालला तर १०५ ते ६५ या चाळीस अंशांत आयुष्य चार वेळा दुप्पट होतं, ३२,००० तास. तोच ८५ वर चालला तर ८०००. दिवसाला बारा तास धरले तर सात वर्षांच्या जागी दोन वर्षांच्या आतच.

म्हणजे सुटलेल्या थर्मिस्टरमुळे पंखा हळू, त्यामुळे भोवताल गरम, त्यामुळे कपॅसिटर सुकले, त्यामुळे १२ आणि ५ व्होल्टमध्ये रिपल, म्हणजे व्होल्टेजची थरथर, वाढला आणि मशीन रीस्टार्ट होऊ लागलं. नुसते कपॅसिटर बदलून दिले असते तर ते परत सुकले असते.

बदलताना १०५ अंशांचेच, कमी ईएसआरचे, म्हणजे आतला रोध कमी असलेले, घेतले. ८५ अंशांचे बाजारात स्वस्त मिळतात. स्विचिंग सप्लायच्या सेकंडरीला ते लावू नयेत, विदर्भात तर नाहीच.

४ एप्रिल

बेअरिंगवर थोडं, कारण रुईइतकंच हेही महत्त्वाचं. स्वस्त पंख्यांत बुश असतं, तेलावर फिरणारं. पंखा उभा, म्हणजे दांडा आडवा असेल तर बुश बऱ्यापैकी टिकतं. १२० च्या पंख्याचा दांडा मात्र उभा असतो, पात्यांचं वजन एका टोकावर येतं, आणि खालून गरम हवा. तेल लवकर संपतं. स्टिकर काढून मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला की पंखा पुन्हा नीट फिरू लागतो, पण ती काही महिन्यांची सोय. काट्याच्या डब्यात बॉल बेअरिंगचा पंखा बसवला. आवाज किंचित जास्त, पण तो कुठल्याही बाजूने ठेवला तरी चालतो आणि उष्णता जास्त सोसतो. घेताना १२ व्होल्ट, २५ मिलिमीटर जाडी आणि करंट जुन्याएवढाच बघितला. चौकटीवरचा बाण हवेची दिशा दाखवतो, तो डब्याच्या आतल्या बाजूला असायला हवा.

१० एप्रिल

डबे घेऊन जिनिंगवर. दुकानात सगळं ठीक असलं तरी खरी जागा बघितल्याशिवाय बसवायचे नव्हते.

काट्याची केबिन पत्र्याची. कॅबिनेट लाकडी टेबलाच्या बंद खणात, पाठ भिंतीला टेकलेली. खणाला मागे हात जाईल एवढीही फट नाही. एसएमपीएसने बाहेर टाकलेली गरम हवा खणातच फिरून कॅबिनेटच्या पुढच्या बाजूने परत आत. केबिनमध्ये ४१ अंश, खणात ४९, एसएमपीएसच्या तोंडाशी, तात्पुरत्या बसवलेल्या डब्यात, ६३. टेबलावरच्या आकडेमोडीला जागेवरचा आकडा एवढा जवळ आला याचं मला समाधान वाटलं.

केबिनमध्ये कूलर आहे आणि त्याचा झोत थेट टेबलावर. कूलरची हवा थंड, म्हणून चांगलीच, पण ओलसर. ओल्या हवेत रुई आणि धूळ पात्यांना चिकटून थर घट्ट होतो, मग ब्लोअरने निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे ओलावा धरलेली धूळ थोडी वीज वाहू देते, आणि प्रायमरी बाजूच्या ३२५ व्होल्टच्या दोन रेषांमध्ये असा थर बसला तर ठिणगी पडू शकते. जिनिंगमध्ये ठिणगी म्हणजे काय हे तिथल्या माणसांना मी सांगायची गरज नाही. दिवाणजी लगेच म्हणाले, "कूलर आजच सरकवतो, तुम्ही जागा दाखवा."

कूलर खिडकीत, झोत खोलीच्या मध्यावर, आणि समोरची झडप उघडी, नाहीतर ओलावा खोलीतच साठतो. कॅबिनेट खणातून बाहेर काढून लोखंडी स्टँडवर, जमिनीपासून दीड फूट वर आणि भिंतीपासून वीतभर पुढे. कॅबिनेटच्या मागे १२० चा एक एक्झॉस्ट पंखा नव्याने लावला, म्हणजे ८२ वॅटची उष्णता आता एसएमपीएसच्या माथी नाही.

१२ एप्रिल

जाळीचा प्रश्न. रुई आत येऊच नये म्हणून कापड किंवा बारीक जाळी लावावीशी वाटते. डब्याच्या तोंडावरच लावली तर ती दोन दिवसांत भरते आणि पुन्हा तीच कथा. जाळी लावायची तर मोठ्या क्षेत्रफळावर. तीच हवा मोठ्या जाळीतून गेली की तिचा वेग कमी होतो, तंतू जोराने ओढले जात नाहीत आणि जाळी हळू भरते. म्हणून कॅबिनेटच्या पुढे आणि एका बाजूला मिळून दीड चौरस फुटांची नायलॉन जाळी फ्रेमवर, लोहचुंबकाने चिकटणारी. काढून झटकली की झालं. ती रोज सकाळी काटा सुरू करताना झटकायचं काट्यावरच्या मुलाने कबूल केलं.

१८ एप्रिल

प्रेसिंगच्या, म्हणजे रुईच्या गाठी बांधायच्या, शेडसाठी नवा एसएमपीएस घ्यायचा आहे, दिवाणजींना सल्ला हवा होता. जास्त वॅटचा घेतला की थंड राहतो असा समज आहे. कार्यक्षमतेचं ८० प्लस हे प्रमाणपत्र २०, ५० आणि १०० टक्के लोडवर मोजतात, त्यातल्या गोल्ड या दर्जाला ११५ व्होल्टच्या चाचणीत अनुक्रमे ८७, ९०, ८७ टक्के लागतात. ८२ वॅट खाणाऱ्या मशीनला ६०० वॅटचा डबा लावला तर तो १४ टक्क्यांवर चालतो, जिथे हे प्रमाणपत्र काहीच हमी देत नाही आणि कार्यक्षमता घसरलेली असते. तीनशे-चारशे वॅटचा, पण लिहिलेले वॅट खरोखर देणारा, एवढं पुरे. ८२ वॅटसाठी ७५ टक्क्यांचा डबा आत २७-२८ वॅट जाळतो, ९० टक्क्यांचा फक्त नऊ. उष्णता तयारच न होणं यापेक्षा चांगलं थंडीकरण नाही.

खोक्यावर आणखी एक ओळ वाचायची: पूर्ण वॅट कोणत्या तापमानाला दिलेत. काहींवर २५ अंश, काहींवर ४०, चांगल्यांवर ५०. इथे ५० चाच घ्यावा. आणि कमी लोडवर पंखा थांबवणारी सोय असेल तर ती बटणाने बंद करता येते का ते बघावं. शांत, थंड खोलीत ती सोय उत्तम आहे. ४३ अंशांच्या शेडमध्ये हवा सतत हलती हवी.

२९ एप्रिल

दुपारी अडीच वाजता मोजणी. बाहेर सावलीत ४३, केबिनमध्ये कूलर बंद ठेवून ४३. एसएमपीएसच्या तोंडाशी ४८, मागून निघणारी हवा ५३. कूलर चालू करून तासाभराने तोंडाशी ३८. काट्याचं मशीन सकाळपासून सुरू आहे. हिशेबाच्या खोलीत तोंडाशी ४७, पंख्यावर साडेआठ व्होल्ट, रीस्टार्ट नाही.

कूलर बंद ठेवून मोजलं कारण भर दुपारी वीज गेली की इन्व्हर्टरवर संगणक चालतो, कूलर चालत नाही.

६ मे

प्रेसिंगच्या शेडमधलं मशीन अजून राहिलं आहे. तिथे रुई हवेतच तरंगते, जाळी दिवसात दोनदा भरेल. मशीन शेडबाहेरच्या खोलीत नेऊन फक्त मॉनिटर आणि कीबोर्डच्या लांब केबल आत आणायच्या, असं ठरलं. भिंतीला भोक पाडायची परवानगी मिळाली आहे. हंगाम संपल्यावर काम, आणि ऑक्टोबरमध्ये कापूस यायला लागल्यावर तिन्ही डब्यांची उदबत्तीने पुन्हा तपासणी. उघडताना आधी फोटो, मग पट्टी आणि थर्मिस्टर जागेवर आहेत का ते बघणं, मग ब्लोअर. हा क्रम विद्यार्थिनीने कागदावर लिहून काट्याच्या केबिनमध्ये चिकटवला आहे.